ऑफिसच्या लॅपटॉपवर साधं पीडीएफ अ‍ॅपसुद्धा टाकू देत नाहीत, त्यामागचं कारण काय?

संध्याकाळचे साडेसहा. क्लायंटच्या पीडीएफमधले दोन आकडे बदलून ती परत पाठवली की सुटका. तुम्ही गूगलवर 'फ्री पीडीएफ एडिटर' शोधता, सगळ्यात वरची लिंक उघडता, फाइल डाउनलोड होते, डबल क्लिक करता आणि समोर पॉप-अप येतो. हे अ‍ॅप तुमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ब्लॉक केलेलं आहे.

यानंतर आयटी डिपार्टमेंटचा जो उद्धार होतो तो इथे छापण्यासारखा नाही. ऑफिस लाइफवरच्या मीम्सनाही या पॉप-अपने भरपूर खाद्य दिलंय.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघू.

२०२५ च्या जून महिन्याच्या शेवटी गूगलवर 'अ‍ॅपसूट पीडीएफ एडिटर' नावाच्या एका फुकट अ‍ॅपच्या जाहिराती दिसायला लागल्या. लोकांनी ते घेतलं, आणि विशेष म्हणजे ते चाललं. पीडीएफ उघडत होतं, एडिट करत होतं. जवळपास दोन महिने त्याने काहीही वावगं केलं नाही. मग २१ ऑगस्टला या अ‍ॅपला बाहेरून आदेश गेला आणि आतला झोपलेला भाग जागा झाला. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज त्याने उचलायला सुरुवात केली. हा चोरटा भाग 'टॅम्पर्डशेफ' या नावाने ओळखला जातो.

कुकीज चोरून काय होणार, असं वाटेल. तुम्ही जीमेलमध्ये एकदा लॉगिन केलं की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पासवर्ड मागत नाही, ते या कुकीमुळे. ती कुकी दुसऱ्याच्या हातात गेली की त्याला ना पासवर्ड लागत, ना ओटीपी. तो थेट आत.

म्हणजे दोन महिने गुणी बाळासारखं वागणारं अ‍ॅप. त्याला 'वाईट' म्हणून ओळखणार तरी कसं आणि कधी? बहुतेक वेळा वेळेत ओळखता येत नाही, हेच याचं खरं उत्तर आहे. म्हणून ज्यांना हे परवडत नाही त्या ऑफिसांनी प्रश्नच उलटा केला. 'हे अ‍ॅप वाईट आहे का?' असं विचारणं सोडून दिलं आणि 'हे अ‍ॅप आपल्या ओळखीचं आहे का?' असं विचारायला सुरुवात केली.

यालाच म्हणतात अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल.

चोरांचे फोटो की पाहुण्यांचं रजिस्टर?

सोसायटीच्या गेटवर दोन प्रकारचे वॉचमन असू शकतात.

पहिल्याकडे चोरांचे फोटो आहेत. येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तो फोटोशी ताडून बघतो. जुळलं तर अडवतो, नाही जुळलं तर 'या साहेब'. पारंपरिक अँटिव्हायरस मुळात असा चालतो. आजकालचे अँटिव्हायरस चालचलणुकीवरूनही संशय घेतात, पण आज पहिल्यांदाच चोरी करायला निघालेल्या चोराचा फोटो कुणाकडे असणार?

दुसऱ्या वॉचमनकडे रजिस्टर आहे. कोणत्या फ्लॅटने कोणाला बोलावलंय ते त्यात लिहिलेलं आहे. नाव असेल तर आत, नसेल तर गेटबाहेर. मग तो चोर असो, कुरिअरवाला असो नाहीतर चौथ्या मजल्यावरचे जावईबापू असोत.

अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल म्हणजे हा दुसरा वॉचमन. पूर्वी याला 'व्हाइटलिस्टिंग' म्हणायचे, आता 'अलाउलिस्टिंग' हा शब्द जास्त चालतो. गोष्ट तीच. यादीत आहे ते चालणार, बाकी सगळं बंद. तुमचा पीडीएफ एडिटर ब्लॉक झाला याचा अर्थ कुणीतरी तपासून त्याला व्हायरस ठरवलं, असा होत नाही. बहुतेक वेळा कुणी त्याच्याकडे बघितलेलंही नसतं. ते यादीत नव्हतं, एवढंच.

ही काही कुण्या चिडक्या आयटी मॅनेजरच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये 'इसेन्शियल एट' नावाने आठ मूलभूत उपाय सांगितले. त्यात अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल आहे आणि ऑफिस मॅक्रोवरचं नियंत्रण हा तर स्वतंत्र उपाय म्हणून आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१५ मध्ये फक्त याच विषयावर एक मार्गदर्शिका काढली होती. विंडोजमध्ये तर ही सोय एक्सपीच्या काळापासून, म्हणजे २००१ पासून आहे. विंडोज ७ सोबत २००९ मध्ये 'अ‍ॅपलॉकर' आलं, जे आजही पुष्कळ ऑफिसांत चालतं, आणि त्याच्याहून कडक प्रकार विंडोज १० पासून आला.

आणि आयफोन वापरत असाल तर तुम्ही वर्षानुवर्षं याच नियमाखाली राहताय. अ‍ॅप स्टोअरवर जे नाही ते फोनवर नाही. तिथे आपण त्याला 'सिक्युरिटी' म्हणतो आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर 'छळ' म्हणतो, हा गमतीचा भाग.

मशीनला कळतं कसं की हे अ‍ॅप ओळखीचं आहे?

रजिस्टरमध्ये नाव लिहायच्या मुख्य तीन पद्धती आहेत.

पहिली, पत्त्यावरून. विंडोजमध्ये 'प्रोग्राम फाइल्स' नावाचं फोल्डर असतं. तिथे काही टाकायचं तर अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो, साध्या कर्मचाऱ्याला तिथे लिहिता येत नाही. म्हणून नियम असा करतात की या फोल्डरमधलं सगळं चालेल, कारण तिथे जे आहे ते आयटीनेच ठेवलेलं असणार. डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा पेन ड्राइव्हवरचं मात्र चालणार नाही.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. बरीच अ‍ॅप्स मुद्दाम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जातच नाहीत. ती तुमच्या स्वतःच्या खात्यातल्या 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये बसतात, कारण तिथे अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही. झूम असं बसू शकतं, क्रोमही. सोय आहे खरी, पण हाच रस्ता चोरट्या अ‍ॅप्सनाही आवडतो. 'मला तर पासवर्ड विचारलाच नाही, म्हणजे चालत असणार' हा युक्तिवाद इथेच फसतो. अ‍ॅडमिन हक्क काढून घेतले म्हणजे काम झालं, असं समजणारी ऑफिसंही याच ठिकाणी फसतात.

दुसरी पद्धत, अंगठ्याच्या ठशावरून. प्रत्येक फाइलवरून गणिताने एक लांबलचक आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी हॅश पार बदलतो. सगळ्यात पक्की ओळख. पण अ‍ॅपचा अपडेट आला की ठसाही नवा, आणि क्रोमसारखा ब्राउझर सारखाच अपडेट होत असतो. शंभर अ‍ॅप्सचे ठसे सांभाळत बसणं म्हणजे रोजचं दळण.

म्हणून तिसरी पद्धत जास्त वापरतात, सहीवरून. सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या फाइलवर डिजिटल सही करतात. 'या कंपनीची सही असलेलं हे प्रॉडक्ट चालेल' असा नियम केला की अपडेट आले तरी अडत नाही.

फक्त सही म्हणजे चारित्र्याचा दाखला समजू नका. सही एवढंच सांगते की फाइल कोणी बनवली आणि नंतर ती बदलली गेली नाही. वर सांगितलेल्या पीडीएफ एडिटरवरही सही होती. २०१७ मध्ये 'सीक्लीनर' या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या प्रसिद्ध अ‍ॅपच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. ती कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच वाटली गेली, सही कंपनीचीच होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ती गेली. तेव्हा 'सही आहे ना, मग चालू दे' हा नियम कुचकामी. कोणाची सही चालेल ते नाव घेऊन लिहावं लागतं. आणि ज्याचं नाव लिहिलं तोच घरून बिघडून आला तर यादी काही करू शकत नाही, हेही मान्य करावं लागतं. यादी लहान असली की असा बिघडलेला पाहुणा आपल्या घरी येण्याची शक्यता कमी होते, एवढाच दिलासा.

अजून एक पळवाट आहे, घरभेद्यांची. विंडोजसोबत येणारी काही छोटी टूल्स दुसऱ्याचा कोड चालवून देतात. २०१६ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं की विंडोजमधलं 'रेगएसव्हीआर३२' हे टूल इंटरनेटवरून स्क्रिप्ट आणून चालवतं आणि अ‍ॅपलॉकरला पत्ताही लागत नाही. टूल मायक्रोसॉफ्टचं, म्हणजे यादीत आपोआप. आज मायक्रोसॉफ्ट स्वतःच्याच अशा टूल्सची एक यादी ठेवते आणि सांगते की गरज नसेल तर ही आमची टूल्स ब्लॉक करा.

खरी मेख अ‍ॅड-इनमध्ये आहे

आतापर्यंत आपण बोललो ते स्वतंत्र अ‍ॅप्सबद्दल. पण ऑफिसात दिवसभर आपण चालवतो काय? एक्सेल, आउटलुक, क्रोम. हे तिघंही यादीत असतात, असायलाच हवेत. आणि या तिघांच्याही पोटात दुसरे छोटे प्रोग्राम बसवता येतात. एक्सेलमध्ये मॅक्रो आणि अ‍ॅड-इन, आउटलुकमध्ये अ‍ॅड-इन, क्रोममध्ये एक्स्टेन्शन.

गेटवरच्या वॉचमनला फक्त एक्सेल आत जाताना दिसतं. एक्सेलच्या पिशवीत काय आहे ते त्याला दिसेलच असं नाही. म्हणून अ‍ॅप्ससाठी यादी केली आणि अ‍ॅड-इन मोकळे सोडले, तर पुढचं दार बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होतं.

मॅक्रोचा त्रास जुना आहे. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' नावाचा व्हायरस आला. तो एका वर्ड फाइलमधला मॅक्रो होता. फाइल उघडली की तो तुमच्या आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. एवढ्यावरच कंपन्यांचे मेल सर्व्हर कोलमडले.

तरीही इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला मायक्रोसॉफ्टला २०२२ साल उजाडावं लागलं. फेब्रुवारीत घोषणा झाली. मग ग्राहकांच्या तक्रारी आल्या म्हणून जुलैमध्ये निर्णय थांबवला आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू केला. एवढी का कुचंबणा? कारण जगभरातल्या अकाउंट्स आणि फायनान्स विभागांचा गाडा मॅक्रोवर चालतो. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला मॅक्रो असतो, तो माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि महिनाअखेरीचा रिपोर्ट अजून त्याच्यावर निघतो. तो बंद पडला की सगळा मजला थांबतो.

मॅक्रोचा रस्ता अरुंद झाल्यावर हल्लेखोर 'एक्सएलएल' या प्रकाराकडे वळले. हा एक्सेलचा अ‍ॅड-इन असतो, पण आतून तो पूर्ण ताकदीचा प्रोग्रामच. चिन्ह एक्सेलच्या फाइलसारखं दिसतं, डबल क्लिक केलं की एक्सेलच उघडतं, आणि कोड चालतो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेले एक्सएलएलसुद्धा मुळात बंद केले.

इंटरनेटवरून आलेली फाइल ओळखतात कशी? डाउनलोड होताना विंडोज तिला एक खूण चिकटवतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात तर खाली 'अनब्लॉक'ची चौकट दिसते, ती याच खुणेची. कुणी अनोळखी मेलमध्ये 'फाइल उघडत नसेल तर अनब्लॉकवर टिक करा' असं लिहून पाठवलं असेल, तर तो मेल सरळ आयटीला दाखवा.

नव्या पद्धतीचे ऑफिस अ‍ॅड-इन थोडे वेगळे असतात. ते मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून येतात आणि वर्ड किंवा आउटलुकच्या बाजूच्या पट्टीत उघडतात. प्रत्यक्षात ते वेबपेज असतं. जुन्यासारखं ते तुमच्या डिस्कवरच्या फाइल उघडत फिरू शकत नाही. पण परवानगी दिलीत तर समोरचा मेल किंवा डॉक्युमेंट वाचू शकतं आणि ते बनवणाऱ्याच्या सर्व्हरवर नेऊ शकतं. 'तुमचे मेल सुंदर इंग्रजीत लिहून देतो' म्हणणारा अ‍ॅड-इन तुमचे मेल वाचल्याशिवाय ते कसं करणार? म्हणूनच कित्येक ऑफिसांत स्टोअर कर्मचाऱ्यांसाठी बंद असतं आणि तपासलेले चार-पाच अ‍ॅड-इन आयटीच सगळ्यांना वाटतं.

क्रोमचं एक्स्टेन्शन : सगळ्यात दुर्लक्षित

सोशल मीडियावर काम करणाऱ्यांनी हा भाग जरा नीट वाचावा.

एक्स्टेन्शन टाकताना क्रोम विचारतं की याला सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू द्यायचा का. आपण 'अ‍ॅड' दाबून मोकळे होतो. त्या वाक्याचा अर्थ अक्षरशः तोच आहे. बँकेचं पान, ऑफिसचा मेल, इन्स्टाग्रामचा इनबॉक्स, सगळं ते वाचू शकतं. आणि हे सगळं क्रोमच्या आत घडत असल्याने विंडोजच्या यादीला फक्त क्रोम चाललेलं दिसतं.

'द ग्रेट सस्पेंडर' हे नाव काहींना आठवत असेल. शंभर टॅब उघडे ठेवणाऱ्यांचं लाडकं एक्स्टेन्शन, २० लाखांहून जास्त वापरकर्ते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्या कुणाला तरी विकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीच बदललं नव्हतं, मालक बदलला होता.

दुसरं प्रकरण याहून बोलकं. 'सायबरहेवन' ही डेटा चोरीपासून वाचवणारी अमेरिकन कंपनी. २४ डिसेंबर २०२४ ला तिच्या एका कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने मेल आला की तुमच्या एक्स्टेन्शनने नियम मोडलाय. त्याने लिंक उघडून परवानगी दिली, आणि तिच्या जोरावर हल्लेखोरांनी ऐन नाताळच्या दिवशी त्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती स्टोअरवर चढवली. सुमारे ४ लाख लोकांकडे ते एक्स्टेन्शन होतं, आणि एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतात. जवळपास दिवसभर ती आवृत्ती फिरत होती. हल्लेखोरांचा डोळा होता फेसबुकच्या जाहिरात खात्यांवर. त्याच मोहिमेत इतरही बरीच एक्स्टेन्शन सापडली.

म्हणजे क्लायंटची पेजेस आणि त्यांचं जाहिरातीचं बजेट सांभाळणारा सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह हे थेट लक्ष्य होतं. इथेही यादीने सगळं वाचलं असतं असं नाही. सायबरहेवनचं एक्स्टेन्शन तर कंपन्यांनी स्वतःहून यादीत घातलेलं असणार. पण ज्या मशीनवर तीन एक्स्टेन्शन आहेत आणि ज्यावर तेवीस आहेत, त्यांच्या जोखमीत फरक आहेच.

क्रोममध्ये ऑफिससाठी याचं वेगळं सेटिंग असतं. ब्लॉकच्या यादीत एक तारा लिहायचा, म्हणजे सगळी एक्स्टेन्शन बंद, आणि मग हवी ती एकेक करून उघडायची. प्रत्येक एक्स्टेन्शनला ३२ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो, त्यावरून. त्यामुळे त्याच नावाचं नकली एक्स्टेन्शन आत शिरू शकत नाही.

एटीएमचं उदाहरण

हा उपाय सगळ्यात चपखल बसतो तो एटीएममध्ये. एटीएम म्हणजे तिजोरीवर बसवलेला कॉम्प्युटर, आणि बहुतेकदा त्यात विंडोजच असतं. त्याला ना एक्सेल लागत, ना ब्राउझर. ठरावीक प्रोग्राम सोडून तिथे काहीही चाललं तर ते संशयास्पदच. २०१० मध्ये बार्नाबी जॅक या संशोधकाने लास व्हेगासच्या 'ब्लॅक हॅट' परिषदेत स्टेजवर एटीएममध्ये आपला प्रोग्राम चालवून नोटांचा पाऊस पाडून दाखवला होता.

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या सायबर सुरक्षा चौकटीत बँकांना परवानगी नसलेलं सॉफ्टवेअर चालू न देण्याबाबत सांगितलं होतं. मग २१ जून २०१८ ला खास एटीएमसाठी मुदती घालून दिल्या. यूएसबी बंद करणं, बायोसला पासवर्ड लावणं वगैरे ऑगस्ट २०१८ पर्यंत, आणि व्हाइटलिस्टिंग मार्च २०१९ पर्यंत.

पुणेकरांना इथे कॉसमॉस बँक आठवेल. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पण ती गल्लत करू नका. तिथे एटीएमच्या डब्यात कुणी प्रोग्राम घातला नव्हता. व्यवहाराला मंजुरी देणाऱ्या मधल्या यंत्रणेची नक्कल करून खोट्या कार्डांवर पैसे काढले गेले होते. एटीएमवरच्या यादीने तो हल्ला थांबला नसता.

ऑफिसात बंद, मग घरच्या लॅपटॉपवर करू?

हा सगळ्यांचा आवडता उपाय. फाइल स्वतःच्या मेलवर पाठवायची आणि रात्री घरच्या मशीनवर काम उरकायचं. याची दोन उदाहरणं सुरक्षा क्षेत्रात कायम दिली जातात.

पासवर्ड सांभाळणाऱ्या 'लास्टपास' कंपनीवर २०२२ मध्ये हल्ला झाला. तिजोरीच्या किल्ल्या फक्त चार इंजिनिअरांकडे होत्या. हल्लेखोर त्यातल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचले, तेही सिनेमे-गाणी लावण्यासाठी टाकलेल्या 'प्लेक्स' या सॉफ्टवेअरमधून. त्यातली त्रुटी बुजवणारा अपडेट २०२० मध्येच आला होता, त्या मशीनवर तो टाकलेला नव्हता. मग कीबोर्डवर टाइप होणारं सगळं टिपून मास्टर पासवर्ड मिळवला गेला.

दुसरं 'थ्रीसीएक्स'चं. ऑफिसांना फोनसेवा देणारं हे सॉफ्टवेअर. कंपनीच्याच म्हणण्यानुसार सहा लाख कंपन्या ते वापरत होत्या. तिच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या खासगी कॉम्प्युटरवर ट्रेडिंगचं 'एक्स ट्रेडर' नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते २०२० मध्येच बंद झालं होतं, पण डाउनलोडची लिंक साइटवर तशीच होती आणि फाइल बिघडवलेली होती. तिच्यावर कंपनीची सहीसुद्धा होती. तिथून ऑफिसचं लॉगिन चोरीला गेलं आणि मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्सचंच अ‍ॅप दूषित होऊन ग्राहकांकडे पोहोचलं. तपास करणाऱ्या 'मँडियंट'ने यामागे उत्तर कोरियाशी संबंधित गट असल्याचं सांगितलं.

दोन्हीकडे ऑफिसचं मशीन नव्हतंच. घरच्या मशीनवर ऑफिसची किल्ली होती.

मग आयटीवाल्यांचं सगळं बरोबर?

नाही. यादी करणं हा कामाचा सोपा अर्धा भाग आहे. अवघड भाग म्हणजे नवं नाव लवकर घालणं.

एका अ‍ॅपच्या मंजुरीला तीन आठवडे लागत असतील तर माणूस तीन आठवडे हातावर हात ठेवून बसत नाही. तो क्लायंटची पीडीएफ कुठल्यातरी ऑनलाइन कन्व्हर्टरवर अपलोड करतो. यात काहीच इन्स्टॉल होत नाही, त्यामुळे अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल शांत बसतं, आणि क्लायंटचा डेटा अनोळखी सर्व्हरवर गेलेला असतो. किंवा तो फाइल व्हॉट्सअ‍ॅपने फोनवर घेतो आणि तिथे अ‍ॅप टाकतो. माझ्या मते विनंतीला एक-दोन दिवसांत 'हो', 'नाही' किंवा 'त्याऐवजी हे वापरा' असं उत्तर मिळत नसेल, तर त्या ऑफिसने यादी बनवून आपली जोखीम कमी केलेली नाही, दुसरीकडे ढकललीय. पीडीएफ एडिटरची गरज सगळ्यांनाच लागते. एक चांगला आधीच देऊन ठेवायला काय हरकत आहे?

नियम लावण्याआधी नुसतं निरीक्षण करायची सोयही अ‍ॅपलॉकरसारख्या यंत्रणांमध्ये असते. तिला 'ऑडिट मोड' म्हणतात. काही अडत नाही, फक्त 'नियम लागू असता तर हे अडलं असतं' अशी नोंद होते. काही आठवडे असं चालवलं की मार्च एंडिंगला अकाउंट्सवाल्यांना कोणती विचित्र फाइल लागते ते कळतं. हे न करता सोमवारी सकाळी थेट कुलूप लावलं की काय होतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

लहान ऑफिसात, समजा सीएच्या ऑफिसात किंवा दुकानात, वेगळा आयटी विभाग नसतो. तिथे सगळे अ‍ॅडमिन खात्यावरच काम करतात आणि टॅलीत बिलाचा नमुना बदलायला टीडीएल फाइल टाकली जाते. टीडीएल म्हणजे टॅलीचा अ‍ॅड-इनच. ओळखीच्या माणसाने बनवून दिला असेल तर ठीक, पण ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केलेला टीडीएल हिशोबाच्या मशीनवर टाकू नये. अशा ठिकाणी अलाउलिस्टिंग जमेल न जमेल, पण रोजच्या कामाला साधं खातं आणि इन्स्टॉल करायला वेगळं अ‍ॅडमिन खातं एवढं आज, फुकटात करता येतं.

यातून बॉसला माझं सगळं दिसतं का?

अ‍ॅप्लिकेशन कंट्रोलमुळे नोंद होते ती कोणत्या खात्यावरून, कोणत्या वेळी, कोणती फाइल चालवायचा प्रयत्न झाला याची. तुमचे चॅट किंवा स्क्रीन त्यात दिसत नाही. स्क्रीन आणि कीबोर्डवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर वेगळी असतात. ती तुमच्या ऑफिसात आहेत का, हे एचआरला विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

विनंती कशी करायची?

'हे अ‍ॅप पाहिजे, अर्जंट' एवढ्या तिकिटावर कुणी पटकन निर्णय देऊ शकत नाही. काम काय आहे, अ‍ॅप कोणत्या कंपनीचं आणि अधिकृत साइट कोणती, त्यात क्लायंटचा डेटा जाणार का, किती जणांना लागणार आणि किती दिवस, एवढं चार ओळींत लिहा. अ‍ॅपच्या नावाआधी काम लिहा. कारण कामासाठी कदाचित मंजूर झालेलं दुसरं काहीतरी मशीनवर आधीच असतं.

मराठी टायपिंगचंच घ्या. आपल्याकडे अडतं ते हमखास इथे. अनेकांना गूगल इनपुट टूल्सची सवय आहे, पण विंडोजवर ऑफलाइन चालणारी त्याची आवृत्ती गूगलने कधीच बंद केली. आज जी सेटअप फाइल डाउनलोड साइटवर आणि टेलिग्रामवर फिरते, ती गूगलकडून आलेली नाही. कीबोर्डवरची प्रत्येक कळ जिच्या हातातून जाते अशी फाइल अनोळखी ठिकाणाहून घेणं हे पीडीएफ एडिटरपेक्षाही धोक्याचं. आणि तिची गरजही उरलेली नाही. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे, विंडोज ११ मध्येही आहे. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलत राहा. इंग्रजीत 'नमस्कार' टाइप केलं की देवनागरीत उमटतं. ऑफिसने भाषेचं सेटिंगही बंद ठेवलं असेल, तर तिकिटात नेमकं याच कीबोर्डचं नाव लिहा.